अंदाजाचे वॅट
(बी. ए. द्वितीय वर्ष)

मराठीच्या सरांनी वार्षिकांकासाठी लेखन मागवले तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. पाऊस, आई आणि दुष्काळ या विषयांवर आमच्या वर्गात इतक्या कविता झाल्या आहेत की आणखी एक लिहिण्याचे धाडस माझ्याच्याने होणार नाही. म्हणून मी एक हिशेब घेऊन आलो आहे. हिशेब सायकलचा आहे आणि त्यात थोडी माझी फजितीही आहे. वाचकांनी हसायचे असेल तेथे जरूर हसावे.

आमचे गाव धारूरच्या घाटाखाली, तेलगावच्या अंगाला. कॉलेज घाटावर. पहिल्या तासाला वेळेवर पोहोचवील अशी एसटी आमच्या वाट्याला नाही, म्हणून मी सायकलने येतो. सायकल माझी नव्हे. माझी बहीण नववीत आहे, तिला सरकारी योजनेतून शाळेत मिळालेली ती लेडीज सायकल आहे. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर. तिची शाळा गावातच असल्यामुळे ती चालत जाते आणि मला सायकल देते. या उपकाराची परतफेड म्हणून मी टोपलीतून तिच्यासाठी धारूरहून काहीबाही आणतो. ऑक्टोबरात घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसतात, तेव्हा तर तिची चंगळ असते.

बालाघाटाचा हा उतार ज्यांनी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे त्यांना तो फारसा मोठा वाटत नाही. मी तो रोज पायांनी वाचतो. कोणत्या वळणावर श्वास लागतो, कोणत्या मोरीपाशी चढ जरा सैल होतो, उसाचा ट्रक मागून आला की कुठे उतरून उभे राहायचे, हे मला पाठ आहे. पण हे सगळे आकड्यात मांडता येते, आणि त्याबद्दल बक्षीसही मिळते, हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हते.

गेल्या वर्षी, म्हणजे मी प्रथम वर्षाला असताना, फेब्रुवारीत एका शहरातल्या एका मंडळाने एक स्पर्धा जाहीर केली. आपापल्या गावचा चढ सायकलने चढायचा, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये त्याची नोंद करायची आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. प्रत्येकाचा घाट वेगळा, तेव्हा वेळेची तुलना करता येणार नाही. म्हणून क्रमांक सरासरी शक्तीवर, म्हणजे वॅटवर लावायचा, अशी त्यांची योजना होती. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. माझ्याजवळचा मोबाइल जुना, त्यात ते अ‍ॅप चालेना. माझ्या एका मित्राने आपला मोबाइल दिला. मित्र अंगापिंडाने भक्कम आहे. अ‍ॅपमध्ये खाते त्याचे, वजन त्याचे, आणि सायकलीच्या रकान्यात त्याने हौसेने रेसिंगची सायकल निवडून ठेवलेली. मी मोबाइल पँटच्या खिशात घातला, टोपली काढून बहिणीच्या हातात दिली आणि घाट चढलो.

माझी सरासरी शक्ती आली १७८ वॅट. तिसरा क्रमांक. चौथ्या क्रमांकावर एक मुलगी होती, तिचे १७१. पोस्टाने प्रमाणपत्र आले आणि आजीने ते देवाच्या फोटोशेजारी लावले. आमच्या घरात छापील अक्षरात नाव आलेला मी पहिलाच. त्याआधी आमची नावे फक्त रेशनकार्डावर आणि मुकादमाच्या वहीत.

वडील आणि आई उसतोडीला जातात. दिवाळीनंतर जातात ते उन्हे तापू लागली की परत येतात. एप्रिलमध्ये वडील आले, त्यांनी भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहिले. त्यांना अक्षरे सावकाश वाचता येतात. आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले,

“ही एकशे अठ्ठ्याहत्तर काय हाय?”

मी म्हणालो, “ताकद. माझ्या पायांची.”

“कशानं मोजली?”

“मोबाइलनं.”

“मोबाइल पायाला बांधला व्हता का?”

“न्हाई, खिशात.”

“मंग पायातलं त्याला कसं कळलं रं?”

मी काहीतरी उत्तर दिले. उपग्रह वगैरे बोललो. वडील ऐकून घेतात, पण पटले नाही की गप्प बसतात. ते गप्प बसले.

वडिलांचा प्रश्न अडाणी माणसाचा नव्हता. ज्याची मजुरी टनावर मिळते त्या माणसाचा तो प्रश्न होता. उसाची गाडी भरताना प्रत्येक जण मनात वजन धरत असतो. मोळ्या किती, ऊस ओला की वाळलेला, बैल कसे वाकले, यावरून माझे वडील टनाचा अंदाज करतात आणि तो बराच जवळ येतो. पण हा अंदाज सांगून मुकादमाकडून एक पैसाही मिळत नाही. गाडी काट्यावर जाते, पावती निघते, आणि पावतीवर जे असेल तेच खरे. काट्यावर किती विश्वास ठेवायचा हा निराळा विषय आहे आणि उसतोडीच्या कोपीत त्यावर रात्र-रात्र बोलणे चालते. तरी काटा हे मोजण्याचे साधन आहे. त्याची पडताळणी व्हावी, त्यावर शिक्का असावा, असा कायदा आहे. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे किराणा दुकानातल्या वजनांनाही तो लागू आहे. वडिलांना अंदाज आणि वजन यांतला फरक पोटाने कळलेला आहे. मला तो बी. ए.च्या पहिल्या वर्षात कळला नव्हता.

मग मी शोध सुरू केला. कला शाखेच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र कोठून येणार! पण बहिणीचे नववीचे विज्ञानाचे पुस्तक घरात होते. त्यात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. शक्ती म्हणजे कार्य भागिले काळ. वस्तू वर नेली तर कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. एवढ्या दोन ओळींवर माझ्या प्रमाणपत्राचा निकाल लागला.

समजा चढ १०० मीटर उंचीचा आहे आणि तो दहा मिनिटांत चढलो. मी ५३ किलोचा. सायकल मी गावातल्या दुकानदाराच्या काट्यावर टांगून घेतली, ती भरली १९ किलो. एकूण ७२. गुरुत्वत्वरण ९.८ धरले तर कार्य झाले ७०,५६० ज्यूल, आणि ६०० सेकंदांनी भागले की जवळजवळ ११८ वॅट. आता अ‍ॅपच्या हिशेबात मी कोण होतो? ८१ किलोचा माझा मित्र, ८ किलोच्या रेसिंग सायकलवर. एकूण ८९. तोच घाट, तीच वेळ, आणि शक्ती आली १४५ वॅट. म्हणजे माझ्या पायांनी काहीही जास्त न करता मला २७ वॅट वरकड मिळाले. घाटात बहुतेक सगळी ताकद वजन वर नेण्यातच जाते, तेव्हा प्रमाणपत्रातल्या १७८ ला ७२ ने गुणून ८९ ने भागले की खरा आकडा साधारण १४४ च्या आसपास येतो. माझा नंबर पहिल्या दहातही लागला नसता.

येथे कोणी म्हणेल की ही तर तुझी चूक, तू वजन बदलायचे होतेस. कबूल आहे. परंतु वजन बरोबर लिहिले असते तरी तो आकडा मोजलेला होत नव्हता, हेच मला सांगायचे आहे.

या अ‍ॅपमध्ये शक्ती मोजणारे काही नसते. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशावरून मोबाइल जागा ठरवतो, जागेवरून वेग निघतो, नकाशावरून चढ निघतो. त्यात आपण सांगितलेले वजन घालून वर चढण्याची, रस्त्याच्या घर्षणाची, हवेच्या अडथळ्याची आणि वेग वाढवण्याची ताकद सूत्राने काढतात आणि बेरीज करतात. यात लबाडी काही नाही. स्ट्राव्हा नावाचे २००९ साली अमेरिकेत सुरू झालेले अ‍ॅप या बाबतीत जगभर वापरले जाते. त्यांनी स्वतःच जाहीर केले आहे की अशा अंदाजात वारा आणि दुसऱ्या सायकलस्वाराच्या मागे राहून मिळणारा आडोसा धरलेला नसतो. खरी शक्ती मोजायची तर पायडलमध्ये किंवा त्याच्या दांड्यात धातू किती वाकतो हे टिपणारे उपकरण लागते. उलरिक शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ साली एसआरएम या नावाने असे उपकरण बनवण्याचा उद्योग सुरू केला. ते पायाला खरोखरीच ‘बांधलेले’ असते. वडिलांनी विचारले ते हेच. त्याची किंमत आमच्या घरच्या उचलीच्या हिशेबात बसणारी नाही, हेही सांगून टाकतो.

वाऱ्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाणारा, ताठ बसलेला सायकलस्वार घ्या. साधारण मापे धरून मी हिशेब केला (भूगोलाच्या सरांनी तो तपासला आहे). वारा पडलेला असेल तर नुसती हवा कापायला सुमारे १६६ वॅट लागतात. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला, म्हणजे नुसती झाडाची पाने हलावीत एवढा, तर त्याच वेगासाठी लागतात जवळजवळ २९५ वॅट. आणि तोच वारा पाठीवर असेल तर ७४ पुरतात. अ‍ॅपला वारा दिसत नाही. त्याच्या लेखी तिन्ही दिवस सारखेच. तेलगावकडून माजलगावच्या रस्त्याला लागलेला आणि समोरच्या वाऱ्याने घामाघूम झालेला माणूस, आणि पाठीवर वारा घेऊन गाणे म्हणत जाणारा माणूस, दोघांचाही वेग एक असेल तर दोघांचे वॅट एक!

उंचीचेही तसेच. आपल्या भूगोलाच्या सरांनी मला ही गोष्ट समजावून दिली. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अमेरिकी अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागाची उंची टिपली. आज उंचीच्या अनेक नकाशांच्या पायाशी ती माहिती आहे. तिची एक चौकट सुमारे ३० मीटरची. माळरानावर ३० मीटरमध्ये काय फरक पडतो? काही नाही. पण आमच्या घाटात ३० मीटरच्या चौकटीत एका बाजूला कापलेला कडा, मध्ये रस्ता आणि दुसऱ्या बाजूला दरी, असे तिन्ही येते. या तिघांची मिळून एकच उंची. मोबाइलने जागा चार मीटर डावी-उजवीकडे धरली की सायकल कागदावर कड्यावर चढते, नाहीतर दरीत उतरते. अ‍ॅप असे खाचखळगे गुळगुळीत करून घेते. पण गुळगुळीत करणे हाही अंदाजच. एकूण चढात दहा टक्क्यांची चूक झाली की वॅटमध्येही जवळपास तेवढीच.

आता वेळेविषयी. मला वाटत होते की निदान वेळ तरी बिनचूक असणार, कारण उपग्रहांत अणुघड्याळे असतात. घड्याळ बिनचूक असते, परंतु मी रेघ नेमकी कधी ओलांडली हे त्या घड्याळाला कोण सांगणार? रस्त्यावर चुन्याची रेघ नसते. नकाशावर एक बिंदू असतो, आणि मोबाइल दर सेकंदाला, कधी बॅटरी वाचवायला त्याहूनही क्वचित, आपली जागा टिपत असतो. त्या बिंदूजवळ आलेली नोंद म्हणजे सुरुवात, दुसऱ्या बिंदूजवळची म्हणजे शेवट. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची जागा पाच मीटरच्या आसपास चुकू शकते, असे हे उपग्रह चालवणारे अमेरिकी सरकारच सांगते. (२००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर ते सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. तेव्हा पाच मीटर म्हणजे प्रगतीच म्हणायची.) डोंगराच्या कुशीत अर्धे आकाश झाकलेले आणि कड्यावर आपटून आलेला संदेश, अशा ठिकाणी पाचाचे किती होतात हे प्रत्येक वळणावर वेगळे.

पाच मीटर म्हणजे किती सेकंद? सपाटीवर ताशी ३० च्या वेगाने जाणाऱ्याला पाच मीटरला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त लागते. घाटात माझ्यासारखा ताशी दहाने चढतो, त्याला पावणेदोन सेकंद. सुरुवातीला पावणेदोन, शेवटी पावणेदोन. दोन्ही चुका एकाच दिशेने पडल्या तर साडेतीन सेकंदांचा घोळ, आणि तो कोणाच्या बाजूने पडेल हे नशिबावर. म्हणजे जो जितका हळू चढतो, त्याच्या वेळेत जागेची चूक तितकी जास्त सेकंद होऊन उतरते. आणि घाटातल्या स्पर्धांचे निकाल तर दोन-तीन सेकंदांवर लागतात!

याहून मोठा घोटाळा ‘फिरती वेळ’ नावाचा आहे. अ‍ॅप दोन वेळा देते. एक, निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सगळी. दुसरी, थांबलेला काळ वजा करून. चहाला थांबा, सीताफळ खा, मेंढरांचा कळप जाऊ द्या. दुसरी वेळ वाढत नाही. स्ट्राव्हाच्या चढांच्या यादीत पहिली वेळ धरतात, हे योग्यच आहे. पण मित्रमंडळीत मोठेपणा सांगताना मी आजवर एकालाही पहिली वेळ सांगताना ऐकलेले नाही. मी स्वतःही नाही.

अ‍ॅप टाकून द्या असे मी म्हणत नाही. उलट हिशेब करता करता मला त्याच्याविषयी थोडा आदर वाटू लागला. घाटात ताशी दहाच्या वेगाला हवेचा अडथळा पाच-सहा वॅटचाच असतो, म्हणून तेथे वाऱ्याची चूक फारशी बाधत नाही. वजन खरे लिहिले आणि उंची बरी मिळाली तर लांब, उभ्या चढावरचा अंदाज कामचलाऊ निघतो. तोच माणूस, तीच सायकल, तोच घाट असेल तर चूकही बरीचशी तीच राहते. तेव्हा जूनपेक्षा डिसेंबरात आपण सुधारलो की नाही हे त्यातून कळते. मला कळले. घरात प्रशिक्षक नाही, क्रीडाशाळा नाही, त्या मुलाला एवढा आरसासुद्धा पुष्कळ. माझी तक्रार आहे ती एकाचा अंदाज दुसऱ्याच्या अंदाजासमोर ठेवून मध्ये बक्षीस मांडण्याविषयी.

आपल्या मराठवाड्याला अंदाजाची चांगली ओळख आहे. पिकाची पैसेवारी आधी ‘नजरअंदाज’ म्हणून जाहीर होते, मग सुधारित, मग अंतिम. अंतिमसाठी शेतात पीक कापणी प्रयोग करतात. ठरलेल्या मापाचा तुकडा आखून, कापून, मळून, धान्य तोलतात. पैसेवारी ५० च्या आत आली तरच गाव टंचाईत धरायचे अशी कैक वर्षांची रीत होती, त्यामुळे या आकड्यांवरून गावोगाव भांडणे झाली आणि ती बऱ्याच वेळा रास्त होती. पण निदान पहिल्या आकड्याच्या कपाळावर ‘नजरअंदाज’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला असतो. माझ्या स्पर्धेच्या अ‍ॅपवरही ‘अंदाजे’ हा शब्द होता. बारीक अक्षरात, आकड्याच्या वर. स्क्रीनशॉट नीट दिसावा म्हणून आम्ही तो कापून पाठवला, तेव्हा आकडा राहिला आणि शब्द गेला. प्रमाणपत्रावर तर तो शब्द येण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे नुसते ‘१७८ वॅट’, जणू पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर पत्र्याची पाटी ठोकलेली असावी. (एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे मी खोट्या हिशेबानेसुद्धा पाव अश्वाच्याही आतच!)

आता फजितीचा उरलेला भाग. हिशेब झाल्यावर चार दिवस मी गप्प राहिलो. प्रमाणपत्र आजीने लावले होते. ते काढले तर ती विचारील, आणि तिला वॅट कसे सांगू? शिवाय मनात एक वकीलही बसला होता. तो म्हणे, बाकीच्यांचे आकडे तरी कुठे खरे आहेत? कोणाच्या पाठीवर वारा असेल, कोणी मोटारसायकलच्या आडोशाने गेला असेल. हे सगळे खरे असू शकते. पण चौथ्या क्रमांकावरच्या त्या मुलीचा १७१ हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. ती कोण, कोणता घाट चढली, कोणाची सायकल होती, मला काही माहीत नाही. तिनेही आपल्या घरी भिंतीवर जागा करून ठेवली असेल तर?

मी मंडळाला सविस्तर लिहिले. वजने लिहिली, गुणाकार लिहिला, तिसरा क्रमांक माझा नाही असे लिहिले. उत्तर आले की आपल्या खिलाडूपणाबद्दल अभिनंदन, परंतु निकाल अ‍ॅपमधील नोंदीप्रमाणे लावले असून त्यात बदल करता येत नाही. मी पुन्हा लिहिले. त्याचे उत्तर आलेले नाही. मला राग आला तो या ‘अ‍ॅपप्रमाणे’ या शब्दाचा. आमच्याकडे मुकादमही असेच म्हणतो, ‘वहीप्रमाणे’. वहीत लिहिणारा माणूस असतो, आणि अ‍ॅपमध्ये वजन लिहिणाराही माणूसच असतो. या वेळी तो माणूस माझा मित्र होता आणि फायदा माझा झाला, एवढेच.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण असे की यंदाच्या क्रीडामहोत्सवात अ‍ॅपवरची सायकल स्पर्धा घ्यावी, अशी सूचना आपल्यातल्या काही मित्रांनी केली आहे. खर्च नाही, पंच नको, रस्ता अडवायला नको, हे त्यांचे मुद्दे मला समजतात. घाटात उसाचे ट्रक चालू असताना एका वेळी वीस सायकली सोडणे कोणालाच परवडणारे नाही. परंतु एकेकाला सोडता येते. खाली एक आणि वर एक अशा दोन रेघा चुन्याने आखता येतात. दोन्हीकडे मिळवलेली घड्याळे घेऊन माणसे उभी करता येतात, आणि वजन करायला गावात काटे पुष्कळ आहेत. एडी मर्क्सने १९७२ च्या ऑक्टोबरात मेक्सिको शहरात एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवली, तेव्हा उपग्रह नव्हता. मोजलेली धावपट्टी आणि घड्याळ धरलेली माणसे होती. त्या उंचीवर हवा विरळ असते याचा त्याला फायदा झाला, हेही सगळे जाणतात, कारण जागेचे नाव विक्रमाबरोबरच लिहिलेले आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरतो तोही सगळ्यांनी एकच बोरघाट चढून. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या सायकल फेऱ्या आता आपल्याकडेही होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. त्यात वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर वेळ घालून शिक्का घेण्याची जुनी पद्धत आहे. शिक्का मारणारा माणूस समोरच्याचे तोंड तरी पाहतो.

आणि पैसे नाहीत म्हणून अ‍ॅपवरच स्पर्धा घ्यायची असेल, तर तिला नंबर नकोत. ज्याने त्याने आपलाच जूनचा आकडा आणि आपलाच डिसेंबरचा आकडा लावावा, वर ‘अंदाजे’ हा शब्द ठेवून.

दिवाळीनंतर वडील कारखान्यावर निघाले, त्याच्या आदल्या रविवारी मी पुन्हा तो घाट चढलो. खालच्या मोरीपासून वरच्या वळणापर्यंतच. सकाळी दोन मनगटी घड्याळे मिळवून घेतली. एक घेऊन बहीण वडिलांबरोबर खाली मोरीवर थांबली, दुसरे घेऊन मित्र वर. तिसरे माझ्या हातावर, आणि मित्राचा मोबाइल खिशात. त्यात वजन आता माझे होते. मधल्या वळणावर मेंढरे आडवी आली आणि माझा पाय टेकला. वर पोहोचलो तेव्हा दोन घड्याळांतला फरक निघाला ११ मिनिटे ४२ सेकंद. माझ्या हातावर ११ मिनिटे ४४. मोबाइलच्या मते सगळी वेळ ११ मिनिटे ४७ आणि फिरती वेळ ११ मिनिटे ३१. खाली आल्यावर दोन्ही घड्याळे पुन्हा जुळवून पाहिली, ती तशीच होती.

वडिलांनी चारही आकडे ऐकले आणि विचारले, “मंग लिहायचं कंचं?”

बहिणीने वहीत ११ मिनिटे ४२ लिहिले. त्यापुढे तिने ‘घड्याळे दोन, मेंढरे सुमारे चाळीस’ असेही लिहिले आहे.